पात्या-फुलांच्या दिवसांतला कागद : महसूल सचिवांना खुले पत्र

१० डिसेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव, महसूल विभाग,
अर्थ मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : शेतमालावरचं आयात-निर्यात शुल्क पेरणीनंतर बदलण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

कृषिमंत्र्यांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच एक. पण कापसाचा भाव ठरण्यात कृषी मंत्रालयापेक्षा तुमच्या खात्याचा हात मोठा असतो, हे उमजायला मला साठी उलटावी लागली. म्हणून यंदाचं पत्र तुम्हाला. आपली ओळख नाही, व्हायचं कारणही नाही. तरी तुमच्या खात्यातून निघालेला एक कागद माझ्या घरात येऊन बसला आहे, पुढच्या खोलीत छताला टेकलेल्या कापसाच्या शेजारी. त्याच्याविषयी बोलायचं आहे.

कागद १८ ऑगस्टचा. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ. पोळा चार दिवसांवर होता. माझ्या शेतात कापसाची पऱ्हाटी कमरेला लागली होती, पात्या म्हणजे कळ्या आणि फुलं धरली होती. खताचा दुसरा हप्ता देऊन झालेला, फवारण्या चालू. म्हणजे एकरी जो खर्च करायचा असतो, त्यातला बहुतेक मातीत गेलेला. राहिली होती ती वेचणी.

त्याच्या अकरा दिवस आधी, ७ ऑगस्टला, दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं सांगितलं होतं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून भिंतीसारखं उभं राहण्याची ग्वाही दिली. आमच्या गावात पारावर मोबाइलवर ते भाषण ऐकलं गेलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. तीन दिवसांनी तुमचा कागद आला. २७ ऑगस्टला गणपती बसले, त्याच दिवशी भारताच्या मालावरचं अमेरिकेचं ५० टक्के शुल्क पूर्णपणे लागू झालं. २८ला तुम्ही कापसावरची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्याकडे कापूस घरात येतो ऑक्टोबरपासून आणि डिसेंबरपर्यंत त्यातला बराचसा विकला जातो. मुदत कुणी ठरवली माहीत नाही, पण आमच्या वेचणीचं वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवली असावी, इतकी ती चपखल बसली.

तुमच्या या कागदांत एक वाक्य ठरलेलं असतं. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २५, आणि मग : लोकहितासाठी असं करणं आवश्यक आहे अशी केंद्र सरकारची खात्री झाली आहे. सूट देतानाही हेच वाक्य, काढून घेतानाही हेच. ही खात्री कशी होते, कुणाला विचारून होते, तेवढं त्यात कधी नसतं. गिरण्यांची संघटना दिल्लीत येऊन निवेदन देते, तिचे आकडे तयार असतात. आमच्या बाजूचं निवेदन तहसीलदाराकडे जातं आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते तहसीलदारालाही ठाऊक नसतं.

मी शुल्काच्या भिंती मागायला आलेलो नाही. उलट आहे. मी शेतकरी संघटनेत वाढलो. नव्वदीच्या सुरुवातीला जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या नावाने अख्खा देश बोटं मोडत होता, तेव्हा शरद जोशी गावोगाव सांगत होते की जागतिक बाजाराला भिऊ नका, भ्यायचं असेल तर आपल्या सरकारला भ्या. मी त्या सभांच्या सतरंज्या उचलल्या आहेत. परवा १२ डिसेंबरला त्यांना जाऊन दहा वर्षं होतील. ‘उणे सबसिडी’ हा शब्द आम्ही त्यांच्याकडून शिकलो : सरकार एका खिशात अनुदान घालतं आणि भाव पाडून दुसऱ्या खिशातून त्याहून जास्त काढून घेतं. तेव्हा शहरातले विद्वान हसायचे. पुढे २०१८ साली ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी मिळून हिशेब मांडला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. म्हणजे खतं, वीज, सगळं अनुदान धरूनही शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या १४ टक्के रक्कम धोरणांनी ओढून घेतली. आता कुणी हसत नाही. त्याने फरकही काही पडला नाही.

बंद दाराचा अनुभव तर आम्हा वऱ्हाडातल्या कास्तकारांना जितका आहे तितका क्वचितच कुणाला असेल. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस विकायचा तो सरकारलाच, राज्याबाहेर न्यायची मनाई. झोनबंदी. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादला भाव चढा असला, की रात्रीच्या बैलबंड्या निघायच्या. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना वडिलांबरोबर अशा बंडीवर बसलो आहे. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवलेल्या, नदीच्या उताराला नाका चुकवायचा. स्वतःच्या शेतातला कापूस, आणि चोरासारखा न्यायचा! ती योजना कास्तकाराच्या भल्यासाठी आहे असं आम्हाला सांगितलं जायचं, आणि सुरुवातीची काही वर्षं काहींना ते खरंही वाटलं. म्हणून आज माझे काही सोबती म्हणतात, ‘पन्नास टक्के शुल्क लावा, दार कायमचं बंद करा’, तेव्हा मला ती बंडी आठवते. दाराची किल्ली आपल्याकडे नसते. आज आयात अडवणारा हात उद्या निर्यातही अडवतो.

आणि तो अडवतोच. माझी धाकटी बहीण निफाड तालुक्यात दिली आहे, तिच्या घरी कांदा. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार : कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, त्याच दिवसापासून. उन्हाळ कांदा एप्रिल-मेपासून चाळीत भरलेला होता. रोज थोडा सडतो, थोडा कोंबतो, वजन उतरतं, आणि घरातली माणसं भाव येईल म्हणून रोज चाळीत जाऊन वास घेतात. भाव जरा हलला आणि कागद आला. सोमवारी लासलगावसह नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली परदेशी विकायचा नाही. ७ डिसेंबरला निर्यातबंदीच. मार्चअखेर ती उठेल असं सांगितलं होतं. मार्चमध्ये मुदत काढूनच टाकली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा बहीण फोनवर म्हणाली, ‘दादा, आमच्या कांद्याचा रंग चुकला.’ ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट घालून. सप्टेंबरात शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ला शून्य. वीस महिन्यांत एका पिकासाठी इतके नियम. या काळात बहिणीने चार वेळा कांदा लावला आणि एकदाही कोणत्या नियमाखाली विकणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. लोकसभेला तिकडे दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री हरल्या, ते तुम्ही वाचलं असेल.

(जाता जाता : किमान निर्यात मूल्य आणि निर्यात शुल्क बदलण्याचा सप्टेंबर २०२४चा दिवस आणि खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवण्याचा दिवस एकच होता, १३ सप्टेंबर. जेमतेम महिन्याभराने महाराष्ट्रात आचारसंहिता लागली. निवडणूक जवळ आली की दिल्लीला मराठी कळायला लागतं.)

आता खाद्यतेलाचं सांगतो, कारण माझ्या अर्ध्या शेतात सोयाबीन असतं आणि माझं म्हणणं तिथेच सगळ्यात नीट दिसतं.

१९८६ साली तेलबियांची मोहीम निघाली. नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ला पामतेलाची आयात खुली केली, ६५ टक्के शुल्क ठेवून. चार वर्षांत ते १५ टक्क्यांवर आणलं. गॅट या जागतिक व्यापार करारात आपण पामतेलाला ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायचा हक्क राखून ठेवला होता आणि सोयाबीन तेलाला फक्त ४५. म्हणजे जिनिव्हातल्या त्या कराराने हात बांधले म्हणून दार उघडावं लागलं, ही सबब पामतेलाला तरी लागू नाही. आज देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि शुल्क वर्षाला दोनदा-तीनदा खाली-वर होत राहतं. महागाई वाढली की खाली, मतदान आलं की वर.

या वर्षी २८ मेला खरिपाचे हमीभाव जाहीर झाले. सोयाबीनचा ४३६ रुपयांनी वाढून ५,३२८. दोनच दिवसांनी, ३० मेला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के झालं. अधिभार धरून २७.५ चं १६.५. शुद्ध केलेल्या तेलावरचं ३५.७५ तसंच ठेवलं. त्यामुळे कच्चं तेल आणून इथे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना १९ टक्क्यांचं अंतर मिळालं. त्यांचं भलं झालं, होवो. पण एका खात्याने बुधवारी वाढवलेला भाव दुसऱ्या खात्याने शुक्रवारी खालून पोखरला, हे दोन कागद एकाच सरकारचे आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

तरीसुद्धा, महोदय, त्या ३० मेच्या कागदाबद्दल माझी तक्रार नाही. दचकू नका. तो पेरणीच्या आधी आला. तो वाचून मी आणि माझा मुलगा बसलो, हिशेब केला, सोयाबीन तीन एकरांनी कमी केलं आणि ते तीन एकर कापसाला दिले. का, तर कापसावर ११ टक्के शुल्क होतं, २०२१च्या फेब्रुवारीपासूनचं, आणि हमीभाव ५८९ रुपयांनी वाढून लांब धाग्याला ८,११० झाला होता. बाजार कळणारा माणूस असंच वागतो. तुमच्या खात्यातले अर्थशास्त्र शिकलेले साहेब ज्याला ‘किमतीचा संकेत’ म्हणतात, तो मी पाळला. आणि संकेत पाळून पेरलेलं पीक अडीच महिन्यांचं झाल्यावर संकेतच बदलला. बियाणं परत पिशवीत घालता येतं का?

माझं सगळं पत्र एवढंच आहे. शुल्क ११ टक्के असावं, शून्य असावं की तीस, यावर माणसं दोनशे वर्षं भांडताहेत, आणखी भांडोत. मी शून्यालाही तयार आहे. पेरणीच्या दिवशी जे असेल ते विक्रीच्या दिवशी असू द्या.

गिरण्यांचं म्हणणं मला समजत नाही असं नाही. अमेरिकेने ५० टक्के लावल्यावर तिरुप्पूरच्या शिवणयंत्रांवरची माणसं घरी बसू लागली, इचलकरंजीच्या मागांनाही त्याची झळ पोचते. ते काही माझे वैरी नाहीत. माझ्या कापसाचं शेवटी कापडच होतं. पण दोन प्रश्न विचारतो. परदेशी माल पाठवायचा असेल, तर त्यासाठी लागणारा कच्चा माल बिनशुल्क आणायची सोय अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन योजनेत आधीपासूनच आहे. बत्तीस मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे फारसा पिकत नाही, त्यावरचं शुल्क तुम्ही २०२४च्या फेब्रुवारीतच काढलं होतं. त्यालाही आम्ही हरकत घेतली नाही. मग सरसकट माफी कुणासाठी? ती गेली अमेरिकेशी काही संबंध नसलेल्या, इथल्याच बाजारात विकणाऱ्या गिरणीलाही. आणि तिरुप्पूरचा छोटा शिवणारा तर कापूस आणतच नाही, तो सूत किंवा कापड विकत घेतो. गिरणीला कापूस स्वस्त मिळाला म्हणून त्याला सूत स्वस्त मिळेल, हे गिरणीच्या मर्जीवर.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. रुईचा भाव खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, ५५ हजार धरू. किलोला १५४ रुपये पडतात, त्याचे ११ टक्के १७ रुपये. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे क्विंटलमागे ५७०-५८० रुपयांचा आडोसा होता. तो पूर्ण माझ्या खिशात येत होता असं मी म्हणणार नाही, जिनिंगवाला आणि मधले लोक काय करतात ते मला ठाऊक आहे. निम्मा धरा. २८ मेला वाढवलेल्या ५८९ रुपयांतली निम्मी रक्कम ऑगस्टमध्ये गेली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने भारताच्या मालावर शुल्क लावलं, त्याचा भार कुणीतरी उचलायचा होता, आणि तो अर्थसंकल्पातून न देता न विचारता माझ्या बंडीत टाकला. गिरण्यांना मदत करायची तर सरकारी तिजोरीतून करा, सगळ्यांना दिसेल अशी करा. भाव पाडून दिलेली मदत कुठल्याही हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून ती सोयीची वाटते.

हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, सीसीआय, आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे. मुलाने ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी केली, त्यासाठी दोन दिवस रेंज शोधत फिरला. यंदा सप्टेंबरात पावसाने झोडपलं, बोंडं सडली, पहिल्या वेचणीचा कापूस ओला. १२ टक्क्यांवर ओलावा असला की केंद्रावरून गाडी परत. परत आलेली गाडी खेडा खरेदीवाल्याच्या दारात उभी राहते आणि तो हमीभावाच्या सातशे-आठशे रुपये खाली मागतो. त्याचं गणित साधं आहे : गिरणीला बाहेरची गाठ बिनशुल्क मिळत असेल तर गिरणी त्याला कमी देणार, तो मला कमी देणार. सीसीआयनेही ऑगस्टमध्ये तुमचा कागद निघाल्याबरोबर आपल्या गाठींचे विक्रीदर उतरवले होते. उद्या तिला तोटा झाला तर तोही तुम्हीच भरणार. म्हणजे शुल्काचे पैसे सोडले आणि वर तोट्याचेही दिले. यात लोकहित कुठल्या रकान्यात लिहिलं आहे ते मला दाखवा.

जागतिक बाजारात उतरायला आम्ही भीत नाही, हे मी तीस वर्षांपूर्वी म्हणत होतो, आजही म्हणतो. फक्त सामना कसा आहे ते बघा. आपल्याकडे हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई निघते. ब्राझीलची त्याच्या चौपट. तिथे पाऊस, जमिनी, यंत्रं वेगळी, हे मान्य. पण तिथल्या शेतकऱ्याला हवं ते बियाणं लावता येतं. बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं आम्हाला २००२ साली मिळालं, त्याची दुसरी आवृत्ती २००६ साली, आणि तिथे गाडी थांबली. तणनाशक सहन करणारं बियाणं लावून २०१९ साली अकोला जिल्ह्यात कास्तकारांनी उघड कायदेभंग केला, गुन्हे अंगावर घेतले. सोयाबीनचं तर हसूच येतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांसाठी १२ लाख टन सोयापेंड आणायला परवानगी दिलीत. जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं तेलही त्याच सोयाबीनचं. ते बियाणं मी माझ्या शेतात लावलं तर गुन्हा. त्या शेतकऱ्याशी मी स्पर्धा करायची, त्याची पेंड माझ्या बाजारात येऊ द्यायची, पण त्याच्या हातातलं हत्यार मी धरायचं नाही. त्याच डिसेंबरात सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदेही बंद केले, म्हणजे पुढच्या भावाचा अंदाज घ्यायची उरलेली खिडकीही गेली. ती अजून उघडलेली नाही.

आणि अमेरिकेने मुक्त व्यापारावर प्रवचन द्यावं हा एक वेगळाच विनोद आहे. तिच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि शेवटी २०१४ साली अमेरिकेने अनुदानं मुळातून काढण्याऐवजी ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार गरीब देशांनी २००३ला कानकूनमध्ये हाच टाहो फोडला. त्यांना पैसेही मिळाले नाहीत. तिकडे काही हललं की इकडे वऱ्हाडात भाव हलतो, हे आम्हाला खापरपणजोबांपासून माहीत आहे. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला यादवी थांबली आणि भाव कोसळला. ते नशीब म्हणून सोसलं. पण १८९६ साली लँकेशायरच्या गिरण्यांचं समाधान व्हावं म्हणून हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली आणि ती तीस वर्षं चालली, ते नशीब नव्हतं, तो कागद होता. तेव्हाच्या कागदावरही लोकहिताचंच काहीतरी लिहिलेलं असणार.

डाळींबद्दल लांबण लावत नाही. तुरीचा हमीभाव यंदा आठ हजार, आणि तुरीची आयात २०२१पासून मोकळी. पिवळा वाटाणा २०२३च्या डिसेंबरपासून बिनशुल्क येत होता, त्यावर गेल्या १ नोव्हेंबरला ३० टक्के लावलंत. चांगलं केलंत. मधल्या काळात ज्यांनी स्वस्त वाटाण्याशी टक्कर देत हरभरा विकला त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

खाणाऱ्याचंही बघावं लागतं, हे मला सांगू नका. माझी मुलगी पुण्यात भाड्याच्या घरात राहते आणि कांदा ऐंशी रुपये झाला की पहिला फोन मलाच येतो. तिच्यासाठी रेशन आहे, बफर साठा आहे, तुम्हाला वाटलं तर तिच्या खात्यात पैसे टाका. पण तिचा कांदा स्वस्त करण्यासाठी तिच्या आत्याची चाळ सडवायची, याला दोघीही तयार नाहीत, मी विचारून पाहिलं आहे.

काय करता येईल तेही लिहितो, नाहीतर तक्रारखोर म्हणाल. खरिपाचे हमीभाव मे-जूनमध्ये जाहीर होतात. त्याच कागदावर खाली चार ओळी वाढवा : कापूस, तेलबिया आणि खाद्यतेल, तूर-हरभरा, कांदा यांवरचं आयात-निर्यात शुल्क इतकं, आणि पुढची पेरणी येईपर्यंत ते हलणार नाही. रब्बीलाही तसंच. आपत्ती येऊ शकते, दुष्काळ, युद्ध, काहीही. तेव्हा बदला, पण ज्या दिवशी बदलाल त्याच दिवशी, उभ्या पिकाला जो फरक पडेल तो शेतकऱ्याच्या खात्यात भरायची तरतूद त्याच अधिसूचनेत लिहा. मध्य प्रदेश यंदा सोयाबीनला भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक, देत आहे, म्हणजे ते अशक्य नाही. असं झालं तर एक गोष्ट आपोआप होईल : ‘लोकहित’ लिहिताना त्याची किंमत किती, हा आकडा तुमच्या कारकुनाला आधी काढावा लागेल. आज तो काढतो मी, वहीच्या मागच्या पानावर, आणि तो बरोबर निघत नाही.

तुमचे साहेब सांगतील की आधी दर बांधून घेतला तर व्यापारी साठेबाजी करतील, सरकारचे हात बांधले जातील. हात बांधलेले कसे असतात ते आम्ही सांगू शकतो. आणि व्यापाऱ्याला आजही अंदाज असतोच. १८ ऑगस्टचा कागद येण्याआधी पंधरा दिवस आमच्या तालुक्याच्या गावी एक जिनिंगवाला मला म्हणाला होता, ‘भाऊ, यंदा बाहेरून माल येणार, जुना धरून ठेवू नका.’ त्याला कुठून कळलं मी विचारलं नाही. त्याला कळतं, मला कळत नाही, एवढाच फरक, आणि जाहीर वेळापत्रक असलं तर तोच मिटतो.

आता शेवटचं, तातडीचं. माझ्या घरात अंदाजे ३८ क्विंटल कापूस आहे. तिसरी वेचणी बाकी आहे, मजूर सांगायचे आहेत, सोसायटीचा हप्ता मार्चमध्ये. ३१ डिसेंबरला शुल्कमाफी संपते. संपेल की पुन्हा वाढेल, यावर गावात पैजा लागल्या आहेत. वाढवणार असाल तर आजच सांगा, मी उद्या सकाळी गाडी भरतो आणि मिळेल त्या भावाला मोकळा होतो. वाढवणार नसाल तर तेही सांगा. घरात उंदरांनी उच्छाद मांडला आहे, पण संक्रांतीपर्यंत कापूस राखता येईल.

आपला,
एक कास्तकार
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ